भिंत कोणी मागितली होती?

गेल्या रविवारी आमच्या वस्तीतील विहारात वंदना झाल्यानंतर नेहमीप्रमाणे चहा आणि चर्चा सुरू होती. इंजिनिअरिंगला शिकणाऱ्या एका तरुणाने आम्हाला विचारले, "वकीलसाहेब, अमेरिकेच्या संविधानाने धर्म आणि सरकार वेगळे ठेवले आहे, असे तुम्हीच मागे सांगितले होते. मग तिथला राष्ट्राध्यक्ष हातात बायबल धरून फोटो कशाला काढतो आणि निवडणुकीच्या वर्षात बायबल विकतो कशाला?" प्रश्न सरळ होता, पण उत्तर चहा संपला तरी संपले नाही. म्हणून ते या स्तंभातून वाचकांपुढे मांडत आहोत.

तरुणाने सांगितलेल्या दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. १ जून २०२० रोजी, जॉर्ज फ्लॉइड या कृष्णवर्णीयाच्या पोलिसांकडून झालेल्या हत्येविरुद्ध अमेरिका पेटलेली असताना, व्हाइट हाउससमोरचा चौक निदर्शकांपासून मोकळा करण्यात आला आणि त्यानंतर थोड्याच वेळात डोनाल्ड ट्रम्प यांनी जवळच्या सेंट जॉन्स चर्चसमोर बायबल उंचावून छायाचित्रे काढून घेतली. मार्च २०२४ मध्ये त्यांनी ५९.९९ डॉलर किमतीच्या एका बायबलची जाहिरात केली. त्या बायबलात अमेरिकेचे संविधानही बांधलेले आहे. धर्मग्रंथ आणि संविधान एकाच पुठ्ठ्यात! आजच्या अमेरिकेतील वाद समजून घ्यायला हा पुठ्ठाच पुरेसा आहे.

परंतु याच गोष्टीची दुसरी बाजूही आहे. २०२० साली त्या छायाचित्राचा जाहीर निषेध करणाऱ्यांत वॉशिंग्टनच्या एपिस्कोपल पंथाच्या बिशप मॅरिअन बुडी होत्या. २१ जानेवारी २०२५ रोजी, ट्रम्प यांच्या दुसऱ्या शपथविधीच्या दुसऱ्याच दिवशी, त्याच बुडी यांनी वॉशिंग्टनच्या कॅथेड्रलमध्ये, राष्ट्राध्यक्ष समोर बसलेले असताना, स्थलांतरितांवर आणि समलिंगी मुलामुलींवर दया करावी अशी विनंती केली. ट्रम्प यांनी त्यांच्याकडून माफीची मागणी केली. आदल्या दिवशी शपथविधीच्या मंचावर फ्रँकलिन ग्रॅहम यांनीही याच ख्रिस्ताच्या नावाने प्रार्थना केली होती. देव एक आणि ग्रंथही एक. मात्र एक धर्मोपदेशक सत्तेच्या मंचावर उभा होता आणि दुसरी सत्तेला समोरून बोलत होती. यातला खरा ख्रिस्ती कोण, हे ठरविण्याचा अधिकार आम्हा बौद्धांना नाही. परंतु धर्म सत्तेच्या कोणत्या बाजूला उभा राहतो आणि त्याचे पुढे काय होते, हे तपासण्याचा अधिकार मात्र आम्हाला आहे.

आपला आणि अमेरिकेचा काय संबंध, असे काही बांधव म्हणतील. संबंध जुना आहे. महात्मा जोतीराव फुले यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' हा ग्रंथ अमेरिकेतील ज्या सज्जनांनी निग्रोंना दास्यातून मुक्त करण्यासाठी झीज सोसली त्यांना अर्पण केला. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१३ साली न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले. १९४६ साली त्यांनी कृष्णवर्णीयांचे थोर विचारवंत डब्ल्यू. ई. बी. डु बॉइस यांना पत्र लिहून, संयुक्त राष्ट्रसंघाकडे निग्रोंनी केलेल्या अर्जाच्या प्रती मागवल्या. तिथल्या दडपलेल्यांची लढाई ही परक्यांची लढाई आहे असे आपल्या महापुरुषांनी कधी मानले नाही.

आता मूळ मुद्द्याकडे वळू. अमेरिकेच्या संविधानाच्या कलमांत देवाच्या नावाने कोणतीही सत्ता मागितलेली नाही. उलट, सरकारी पदासाठी धर्माची कोणतीही कसोटी लावता येणार नाही, असे त्याच्या सहाव्या कलमात म्हटले आहे. १७९१ च्या पहिल्या दुरुस्तीने राज्याचा धर्म स्थापन करण्यास बंदी घातली आणि धर्मपालनाचे स्वातंत्र्य दिले. धर्मसंस्था आणि राज्य यांच्यामधील 'भिंत' हा प्रसिद्ध शब्द राष्ट्राध्यक्ष थॉमस जेफरसन यांनी १८०२ साली एका पत्रात वापरला. ते पत्र कोणाला लिहिले होते? नास्तिकांना नव्हे. कनेक्टिकट राज्यातील डॅनबरी येथील बाप्टिस्ट ख्रिस्त्यांना! त्या राज्यात दुसऱ्या पंथाच्या चर्चला सरकारी मान्यता होती. बाप्टिस्ट अल्पसंख्य होते. आपल्या धर्माचे पालन हा हक्क न राहता सरकारची मेहरबानी होते, ही त्यांची तक्रार होती. म्हणजे ही भिंत धर्माच्या शत्रूंनी उभारलेली नाही. ती श्रद्धाळू, पण दुबळ्या माणसांनी स्वतःच्या रक्षणासाठी मागितली होती. आज ती भिंत पाडायला निघालेल्यांत त्याच बाप्टिस्ट पंथाचे अनेक पुढारी आघाडीवर आहेत. दोनशे वर्षांत बायबल बदलले नाही. पंथाची संख्या आणि ताकद बदलली.

ही ताकद कशी वाढली हे पाहण्यासाठी गुलामगिरीच्या काळात जावे लागते. गुलामांचे मालक ख्रिस्ती होते आणि पुढे गुलामही ख्रिस्ती झाले. १८०७ साली लंडनमध्ये ब्रिटिश वेस्ट इंडीजमधील गुलामांसाठी एक खास कापलेले बायबल छापले गेले. इजिप्तच्या दास्यातून इस्रायली लोक बाहेर पडल्याची कथा त्यातून वगळली होती. मालकाची आज्ञा पाळा, हा उपदेश मात्र ठेवला होता. शूद्रांच्या कानावर वेद पडू नयेत म्हणून झटणाऱ्यांची आठवण वाचकांना झाल्याशिवाय राहणार नाही. फिलाडेल्फियातील सेंट जॉर्ज चर्चमध्ये प्रार्थना करीत असलेल्या कृष्णवर्णीयांना गुडघ्यांवरून उठवण्यात आले. तेव्हा गुलामीत जन्मून स्वतःचे स्वातंत्र्य विकत घेतलेले रिचर्ड ॲलन आपल्या माणसांसह बाहेर पडले आणि १८१६ साली त्यांनी कृष्णवर्णीयांचा स्वतंत्र मेथडिस्ट पंथ उभा केला. त्यांनी चर्च सोडले, धर्म सोडला नाही. काळाराम मंदिराच्या दारात पाच वर्षे झगडल्यावर बाबासाहेबांनी १९३५ साली येवल्यात धर्म सोडण्याचीच घोषणा केली. मार्ग वेगळे होते, अपमान एकच होता.

दुसरीकडे, गुलामांच्या मालकाला मिशनरी म्हणून नेमावे की नाही, या वादातून दक्षिणेतील बाप्टिस्ट १८४५ साली वेगळे झाले. त्यातून 'सदर्न बाप्टिस्ट कन्व्हेन्शन' जन्मली, जी पुढे अमेरिकेतील सर्वात मोठी प्रोटेस्टंट संघटना बनली. गुलामगिरीच्या समर्थनाबद्दल तिने माफी मागितली ती १९९५ साली, म्हणजे दीडशे वर्षांनी! त्याच १८४५ साली पळून मुक्त झालेल्या फ्रेडरिक डग्लस यांनी आत्मचरित्रात स्पष्ट लिहिले की, ख्रिस्ताचा धर्म आणि या देशात चाललेला ख्रिस्ती धर्म यांत आपल्याला प्रचंड अंतर दिसते. १९६३ साली बर्मिंगहॅममध्ये आठ गोऱ्या धर्मगुरूंनी मार्टिन ल्यूथर किंग यांच्या सत्याग्रहाला अवेळी ठरवले. किंग यांनी तुरुंगातून त्यांना उत्तर लिहिले आणि 'थोडे थांबा' म्हणणाऱ्या मवाळ गोऱ्यांविषयी आपली निराशा व्यक्त केली. त्याच वर्षी त्याच शहरात कृष्णवर्णीयांच्या चर्चमध्ये बॉम्ब ठेवून चार मुलींना मारण्यात आले.

आजच्या अमेरिकेतील तथाकथित 'ख्रिस्ती उजवी आघाडी' गर्भपाताच्या विरोधातून जन्मली, असे सर्वसाधारणपणे सांगितले जाते. परंतु १९७१ साली सदर्न बाप्टिस्टांनीच काही परिस्थितींत गर्भपाताला कायद्याने मुभा द्यावी असा ठराव केला होता. मग १९७३ च्या 'रो विरुद्ध वेड' निकालानंतर अनेक वर्षांनी अचानक ही आग का लागली? डार्टमथ कॉलेजचे इतिहासकार रँडल बामर यांचे म्हणणे असे की, मूळ ठिणगी शाळांची होती. काही अभ्यासकांना ते पूर्ण पटत नाही आणि लाखो श्रद्धाळू मनापासून गर्भपाताच्या विरोधात आहेत, हेही आम्ही मान्य करतो. परंतु शाळांचा हा इतिहास न्यायालयाच्या कागदपत्रांत नोंदलेला आहे आणि वकील म्हणून आम्हाला तो महत्त्वाचा वाटतो.

१९५४ साली सुप्रीम कोर्टाने सरकारी शाळांतील वर्णभेद बेकायदा ठरवला. व्हर्जिनियातील प्रिन्स एडवर्ड परगण्याने तर काळ्या मुलांबरोबर बसण्यापेक्षा १९५९ पासून पाच वर्षे सरकारी शाळाच बंद ठेवल्या! ठिकठिकाणी गोऱ्यांच्या खाजगी शाळा निघाल्या आणि त्यांतील अनेकांनी 'ख्रिस्ती' हे नाव लावले. मिसिसिपीतील कृष्णवर्णीय पालक कोर्टात गेले आणि वर्णभेद पाळणाऱ्या शाळांना आयकरातून माफी मिळणार नाही, असे १९७१ साली ठरले. त्यातून दक्षिण कॅरोलायनातील बॉब जोन्स विद्यापीठाचा खटला उभा राहिला. हे विद्यापीठ १९७१ पर्यंत काळ्या विद्यार्थ्यांना प्रवेशच देत नव्हते. नंतर प्रवेश दिला, पण गोऱ्या आणि काळ्या विद्यार्थ्यांनी एकमेकांवर प्रेम करू नये, लग्न करू नये असा नियम केला. हा आमच्या धर्माचा भाग आहे, असा त्यांचा युक्तिवाद होता.

वाचकांनी येथे थोडे थांबावे. बाबासाहेबांनी १९१६ साली, वयाच्या पंचविसाव्या वर्षी, कोलंबियातील परिसंवादात जातीवरील निबंध वाचला. जातीचे मर्म जातीअंतर्गत विवाहात आहे, हा त्याचा निष्कर्ष होता. अमेरिकेतील वर्णभेदाचे दुकानही शेवटी त्याच दाराशी येऊन थांबले! व्हर्जिनियात एका गोऱ्या पुरुषाने आणि काळ्या स्त्रीने लग्न केले म्हणून खटला झाला, तेव्हा तिथल्या न्यायाधीशाने देवाने वंश वेगवेगळ्या खंडांवर ठेवले याचा अर्थ त्यांची सरमिसळ व्हावी असे देवाला वाटत नव्हते, असे निकालात लिहिले. सुप्रीम कोर्टाने १९६७ साली तो कायदा रद्द केला.

बॉब जोन्स खटल्यात रेगन सरकारने विद्यापीठाची बाजू उचलली. तेव्हा करखात्याची बाजू मांडण्यासाठी कोर्टाने विल्यम कोलमन या कृष्णवर्णीय वकिलांची नेमणूक केली. सुप्रीम कोर्टात न्यायाधीशांचे सहाय्यक म्हणून काम केलेले ते पहिले कृष्णवर्णीय होते. २४ मे १९८३ रोजी आठ विरुद्ध एक मतांनी विद्यापीठ हरले. शिक्षणातून वर्णभेद नष्ट करणे हे सरकारचे एवढे मोठे कर्तव्य आहे की, त्यापुढे करमाफी गेल्याने धर्मपालनावर येणारा भार गौण ठरतो, असे कोर्ट म्हणाले. तो नियम विद्यापीठाने मागे घेतला तो २००० साली.

दरम्यान राजकारण पुढे गेले होते. १९६५ साली जेरी फॉलवेल या धर्मोपदेशकाने, पाद्र्यांचे काम आत्म्यांचा उद्धार करणे हे आहे, मोर्चे काढणे नव्हे, असे प्रवचन दिले होते. रोख अर्थातच किंग यांच्यावर होता. त्याच फॉलवेलने १९७९ साली 'मॉरल मेजॉरिटी' ही राजकीय संघटना काढली! काळ्यांनी धर्मातून न्याय मागितला की ते राजकारण ठरते. आपण धर्मातून सत्ता मागितली की ते नीतिरक्षण ठरते. ही चलाखी आपल्याकडेही सर्वांच्या परिचयाची आहे.

पुढचे सारे त्याच वाटेने घडले. २०१६ च्या एक्झिट पोलनुसार गोऱ्या इव्हँजेलिकल ख्रिस्त्यांपैकी सुमारे ८१ टक्के मते ट्रम्प यांना गेली. ट्रम्प यांनी पहिल्या कारकिर्दीत तीन न्यायाधीश नेमले. जून २०२२ मध्ये एका आठवड्याच्या आत तीन निकाल आले. २१ तारखेला, मेन राज्याने खाजगी शाळांना दिलेली शुल्काची मदत धार्मिक शाळांनाही द्यावी लागेल, असे ठरले. २४ तारखेला 'रो विरुद्ध वेड' रद्द झाला. २७ तारखेला, सरकारी शाळेतील फुटबॉल प्रशिक्षकाने सामन्यानंतर मैदानावर केलेल्या प्रार्थनेला संरक्षण मिळाले. भिंत पाडली जात आहे, असा इशारा न्यायमूर्ती सोनिया सोटोमेयर यांनी मेनच्या निकालातील आपल्या विरोधी मतात दिला. जून २०२४ मध्ये लुईझियाना राज्याने प्रत्येक सरकारी वर्गात बायबलातील दहा आज्ञा लावण्याचा कायदा केला. फेब्रुवारी २०२५ मध्ये व्हाइट हाउसमध्ये श्रद्धेचे स्वतंत्र कार्यालय उघडले. करमाफी घेणाऱ्या संस्थांनी निवडणुकीत उमेदवाराचा प्रचार करू नये, असा १९५४ पासून कायदा आहे. चर्चने प्रार्थनासभेत आपल्याच भाविकांशी उमेदवाराविषयी बोलल्यास त्या कायद्याचा भंग होत नाही, अशी भूमिका करखात्याने जुलै २०२५ मध्ये कोर्टात मांडली. करमाफीची गाठ पुन्हा तिथेच येऊन बसली.

मात्र ख्रिस्ती समाज एकजिनसी आहे, असे समजणे चुकीचे ठरेल. लुईझियानाच्या कायद्याविरुद्ध कोर्टात गेलेल्या पालकांमध्ये एक प्रेस्बिटेरियन पाद्रीही होते. डॅनबरीची परंपरा अजून मेलेली नाही, हाच याचा अर्थ. जानेवारी २०२५ मध्ये चर्च, शाळा, दवाखाने अशा ठिकाणी स्थलांतरितांना पकडण्यावरील जुने निर्बंध सरकारने उठवले, तेव्हा क्वेकर पंथीय कोर्टात गेले, त्यांच्याबरोबर बाप्टिस्टांची एक संघटना आणि सॅक्रामेंटोचा गुरुद्वाराही गेला आणि त्यांच्या प्रार्थनास्थळांपुरता मनाई हुकूम मिळवला. गर्भपाताच्या प्रश्नावर उजव्यांच्या बरोबर असणाऱ्या कॅथलिक बिशपांनीही नोव्हेंबर २०२५ मध्ये सरसकट हद्दपारीला विरोध केला. कृष्णवर्णीय प्रोटेस्टंट तर बायबल तितकेच मानतात, चर्चला नेमाने जातात आणि बहुसंख्येने दुसऱ्या बाजूला मत देतात. सप्टेंबर २०२५ मध्ये चार्ली किर्क या उजव्या तरुण नेत्याच्या शोकसभेत त्यांच्या पत्नीने मारेकऱ्याला क्षमा केली. त्याच मंचावर थोड्या वेळाने राष्ट्राध्यक्षांनी, आपण विरोधकांचा द्वेष करतो, असे सांगितले. आमचे मतभेद बाजूला ठेवून आम्ही त्या स्त्रीच्या क्षमेपुढे नम्र होतो. करुणा कोणत्याही पक्षाची मालमत्ता नाही.

सत्तेच्या जवळ जाऊन धर्माचे भले तरी झाले का? प्यू संशोधन केंद्राच्या पाहणीनुसार २००७ साली अमेरिकेतील ७८ टक्के प्रौढ स्वतःला ख्रिस्ती म्हणवत होते. २०२३-२४ मध्ये ते ६२ टक्के उरले. कोणताही धर्म न सांगणारे १६ टक्क्यांवरून २९ टक्क्यांवर गेले. याची कारणे अनेक आहेत. परंतु धर्म उजव्या राजकारणाशी बांधला गेल्याने मवाळ आणि उदारमतवादी माणसे धर्माचे नाव सोडत आहेत, असे मायकेल हाउट आणि क्लॉड फिशर या समाजशास्त्रज्ञांनी २००२ सालीच दाखवून दिले होते. कोर्टात विजय मिळत गेले आणि चर्चमधील बाके रिकामी होत गेली.

या लढाईची झळ आपल्या माणसांनाही बसते. फेब्रुवारी २०२३ मध्ये सिएटल शहराने जातीवरून होणाऱ्या भेदभावाला बंदी घातली. त्यात अमेरिकेतील आंबेडकरी कार्यकर्त्यांचे कष्ट होते. पाठोपाठ कॅलिफोर्नियाच्या विधिमंडळाने तसे विधेयक मंजूर केले. पण सध्याच्या कायद्यातच ही बंदी येते, असे कारण देऊन गव्हर्नरने ऑक्टोबर २०२३ मध्ये ते नाकारले. त्याआधी २०२२ साली, जातीच्या तक्रारींना हिंदू धर्माशी जोडल्याने धर्मस्वातंत्र्याचा भंग होतो, असे म्हणत हिंदू अमेरिकन फाउंडेशन कॅलिफोर्नियाच्या नागरी हक्क खात्याविरुद्ध कोर्टात गेले होते. भेदभावाचा प्रश्न विचारला की धर्मस्वातंत्र्याची ढाल पुढे येते, हे बॉब जोन्सच्या खटल्यात आपण पाहिलेच आहे. देश कोणताही असो, धर्म कोणताही असो, ही ढाल ओळखायला आपण शिकले पाहिजे.

बाबासाहेबांनी ती फार आधी ओळखली होती. संविधान सभेत डिसेंबर १९४८ मध्ये त्यांनी सांगितले की, या देशात धर्माने जन्मापासून मृत्यूपर्यंत सारे व्यापले आहे. त्यामुळे धर्माला मर्यादा घातली नाही तर सामाजिक सुधारणा अशक्य होईल. म्हणूनच आपल्या संविधानाचे कलम २५ धर्मस्वातंत्र्य देते ते सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता, आरोग्य आणि इतर मूलभूत हक्क यांच्या अधीन राहून. अमेरिकेत जे बॉब जोन्स खटल्यात कोर्टाला सांगावे लागले, ते आपल्याकडे समतेच्या हक्काच्या रूपाने संविधानातच लिहिलेले आहे. १७ ऑक्टोबर १९४९ रोजी एच. व्ही. कामत यांनी उद्देशिकेची सुरुवात ईश्वराच्या नावाने व्हावी अशी दुरुस्ती मांडली. ६८ विरुद्ध ४१ मतांनी ती फेटाळली गेली आणि 'आम्ही भारताचे लोक' हेच शब्द राहिले. अमेरिकेने मात्र १९५४ साली राष्ट्रध्वजाच्या प्रतिज्ञेत देवाचे नाव घातले.

मात्र हे सांगताना आम्ही स्वतःला वगळू शकत नाही. मागच्या निवडणुकीच्या वेळी एका उमेदवाराने आमच्या विहाराला फरशी बसवून दिली. तथागतांच्या आणि बाबासाहेबांच्या प्रतिमांच्या शेजारच्या भिंतीवर त्याच्या नावाची पाटी लागली. त्यानंतर वस्तीच्या पुनर्वसनात त्याने आपल्याच लोकांना फसवले, तेव्हा विहारात त्याच्याविरुद्ध कोणी चकार शब्द काढला नाही. आम्हीही काढला नाही. फरशीवर बसून बोलायचे कसे, हा संकोच होता. बिशप बुडी राष्ट्राध्यक्षांसमोर बोलू शकल्या, आम्ही एका नगरसेवकासमोर बोलू शकलो नाही! बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ रोजी राजकारणातील भक्तीविषयी दिलेला इशारा आम्ही दरवर्षी भाषणात सांगतो, आणि भक्तीची पाटी विहाराच्या भिंतीवर लावून घेतो.

त्या तरुणाला आमचे उत्तर एवढेच आहे. राज्य आणि धर्म यांच्यामधील भिंत दुबळ्यांनी मागितली होती. ती पडली तर मार आधी दुबळ्यांनाच बसतो, आणि त्यामागोमाग धर्माची अब्रू जाते. आपण आज संख्येने कमी आहोत म्हणून ही भिंत आपल्याला हवी आहे. उद्या आपण सत्तेजवळ गेलो तरी ती हवीच असली पाहिजे. नाहीतर डॅनबरीच्या बाप्टिस्टांच्या वारसांत आणि आपल्यात फरक उरणार नाही.

पुढच्या रविवारी वंदनेनंतर ती पाटी काढण्याचा ठराव आम्ही मांडणार आहोत. फरशीचे पैसे वर्गणीतून परत करू. वेळ लागला तरी चालेल. वाचकांनीही आपापल्या विहाराच्या भिंतींकडे एकदा नीट पाहावे.

जय भीम!